पोर्च की पोर्श

नॅशव्हिलमध्ये दहाचं रेकॉर्डिंग म्हणजे दहाचं. दहाला पहिला सूर, एकला सगळे जेवायला, आणि तेवढ्या वेळात तीन गाणी उरकायची. व्हर्लीन टॅकेट मात्र सव्वानऊलाच स्टुडिओत येऊन बसली होती, मांडीवर सुक्या सफरचंदांच्या केकचा डबा घेऊन. वादकांना घरचं काहीतरी खाऊ घातल्याशिवाय तिने आयुष्यात एकही गाणं रेकॉर्ड केलं नव्हतं, आणि छप्पन्नाव्या वर्षी सवयी बदलायचा तिचा विचार नव्हता.

रेडिओवाले तिला विसरले त्याला दहा वर्षं होत आली होती. कंट्री गाणी आता मोठ्या टोप्यांच्या आणि घट्ट जीन्सच्या पोरांची झाली होती. व्हर्लीन जत्रांत गायची, शेतकी प्रदर्शनांत गायची, एकदा ट्रॅक्टरच्या दुकानाच्या उद्घाटनालाही गायली होती. तशात गेलन प्रेविट नावाचा एक चाळिशीचा निर्माता तिच्यामागे लागला. त्याची आई व्हर्लीनची गाणी ऐकत इस्त्री करायची, एवढंच भांडवल, पण पोरगा सरळ होता.

"मिस व्हर्लीन," तो म्हणाला होता, "तुमचं नवं गाणं घेऊन गेलो तर रेडिओवाले मला दारातूनच परत पाठवतील. त्यापेक्षा सगळ्यांना तोंडपाठ असलेलं एखादं रॉक गाणं तुमच्या पद्धतीने गा. लोक गंमत म्हणून तरी ऐकतील. पाच-सहा गाण्यांची यादी काढू का?"

"यादी कशाला? 'इंजिन चालू' घे."

गेलन खूश झाला. बाईला धंदा कळतो, असं त्याला वाटलं. बाईला धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला ते गाणं एका माणसाच्या कानावर घालायचं होतं, आणि तो माणूस कुठे राहतो हेच तिला ठाऊक नव्हतं.

तो माणूस म्हणजे लॉनी, तिचा एकुलता एक मुलगा. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो हे तिला त्याच्या पहिल्या कार्डावरून कळलं होतं. पुढे वर्षाकाठी एक कार्ड यायचं, कधी अमॅरिलोहून, कधी शायेनहून. मजकूर ठरलेला. 'मी बरा आहे. लॉनी.' पत्ता नाही, वर 'प्रिय आई' नाही. अशा माणसाला पत्र पोचत नाही आणि फोनही पोचत नाही. पण ट्रकमध्ये रेडिओ असतो, आणि ट्रकवाले दिवसभर तो लावून ठेवतात.

आता 'इंजिन चालू'च का, तर ते लॉनीचं गाणं होतं. तो बारा वर्षांचा असताना ते निघालं आणि पोराने कॅसेट वाजवून वाजवून घरातल्या बशा हलवल्या. व्हिन्स कारडोझा नावाचा कॅलिफोर्नियातला एक रॉकवाला ते गायचा. गायचा कसला, ओरडायचा. निम्मी अक्षरं त्याच्या घशातच राहायची. व्हर्लीन दौऱ्यावरून आठ दिवसांसाठी घरी आली होती आणि पीठ मळता मळता त्याच्या मागून गात होती: बसलोय पोर्चमध्ये, दिवे लावून, आणखी एक मिनिट, आणखी एक मिनिट.

लॉनी हसून हसून जमिनीवर लोळला.

"आई, ती गाडी आहे."

"कुठली गाडी?"

"अगं पोर्च नाही, पोर्श. जर्मन गाडी असते, एकदम भारी. तो तिच्या दारात गाडी लावून सांगतोय, एका मिनिटात येतेस तर ये, नाहीतर मी चाललो."

"गाडीत दिवे लावून बसला तर बॅटरी उतरेल त्याची."

"इंजिन चालू आहे ना पण. गाण्याचं नावच ते आहे."

"ते काही नाही. वाट बघणारा माणूस घरापुढच्या पोर्चवर बसतो, दिवा लावून. तू तुझ्या त्या ओरड्याला सांग, त्याने चुकीचं लिहिलंय."

तेव्हापासून ती त्या दोघांची गंमतच होऊन बसली. व्हर्लीनने मुद्दाम 'पोर्च' म्हणायचं आणि लॉनीने घराच्या ज्या कोपऱ्यात असेल तिथून ओरडायचं, "आई, ती गाडी आहे."

आपल्या कानाला पोर्चच का ऐकू आला, हे मात्र व्हर्लीनला फार उशिरा समजलं. वर्षातले दोनशे दिवस ती बसमधून गावोगाव फिरायची. परत येताना बस शेवटच्या वळणावर आली की घराच्या पोर्चवरचा पिवळा दिवा दिसायचा आणि त्याखाली गोधडी गुंडाळून बसलेलं तिचं पोरगं. तिच्यासाठी बसलेलं. लोकांच्या विरहाची गाणी ती आयुष्यभर गायली, आणि घरचा विरह तिने एका बारा वर्षांच्या पोराच्या अंगावर टाकला होता.

मग सत्त्याऐंशी साल आलं. तिच्या नवऱ्याची, एलवूडची, खाणीत कोळशाची धूळ खाऊन खाऊन चाळण झालेली छाती एका गुरुवारी कोलमडली. निरोप पोचला तेव्हा व्हर्लीन ओक्लाहोमात होती. तीन कार्यक्रम ठरलेले, तिकिटं विकलेली. ती रविवारी पोचली, एलवूड शनिवारी गेला. लॉनी पोर्चवर होता, पण या वेळी त्याच्याजवळ गोधडी नव्हती, बॅग होती. वीस वर्षांचा झाला होता तो.

"या घरात गायचं काम तुझं आणि थांबायचं काम आमचं," तो म्हणाला. "आता थांबायला कोणी उरलं नाही."

तिने त्याला अडवलं नाही. काय म्हणून अडवणार होती? तो गेला त्या दिवसापासून पोर्चवरचा दिवा तिने विझू दिला नाही. दिवसाढवळ्याही जळत असायचा. शेजारचे आधी आठवण करून द्यायचे, मग त्यांनीही सोडून दिलं.

तर असं ते गाणं. व्हर्लीन ते संथ लयीत, जवळजवळ अंगाईसारखं गायची, जत्रेतला शेवटचा नंबर म्हणून. तिने 'पोर्च' मुद्दाम घातलंय असं समजून लोक टाळ्या वाजवायचे. स्टुडिओतल्या बहुतेक वादकांना तर बदललेल्या शब्दाचा पत्ताच नव्हता. नॅशव्हिलच्या वादकांपुढे शब्द नसतात, स्वरही नसतात, नुसते आकडे असतात. एक, चार, पाच, परत एक. गाणारा कुठल्याही पट्टीत गेला तरी आकडे तेच राहतात. बाई काय म्हणतेय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. गेलनही त्यांच्यातलाच, कागदावरच्या आकड्यांवर बोट ठेवून गाणं ऐकणारा.

पहिला टेक दहा वाजून वीस मिनिटांनी झाला आणि झकास झाला. काचेपलीकडे रेकॉर्ड कंपनीची वकीलबाई मर्सी डोनोव्हन बसली होती. तिच्यापुढे मात्र शब्द होते, टाइप केलेले, आणि ती प्रत्येक शब्दावर पेन्सिल फिरवत होती. पेन्सिल एका जागी थांबली.

"मिस टॅकेट, इथे 'पोर्श' आहे."

"आहे."

"तुम्ही 'पोर्च' म्हणालात."

"म्हणाले."

मर्सीने चष्मा काढला. "बघा, कोणाचंही गाणं कोणीही गाऊ शकतं, फक्त मानधन द्यायचं. पण शब्द बदलायचा तर लिहिणाऱ्याची परवानगी लागते. तशीच रेकॉर्ड काढली आणि त्याने अडवली, तर ती रेडिओपर्यंत जाणारच नाही."

"मग घ्या परवानगी."

मर्सीने फोन केला. पाच मिनिटांत परत आली. "गाणं कारडोझांनीच लिहिलंय. त्यांच्या ऑफिसचं म्हणणं, एक अक्षर हलवायचं नाही. याआधी त्यांनी एका बिअरवाल्यालाही नाही म्हटलंय आणि एका निवडणुकीच्या उमेदवारालाही."

"मग पोर्शच म्हणा ना, मिस व्हर्लीन," गेलन म्हणाला. "एका अक्षराचा तर फरक आहे."

तिने म्हटलं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदाही म्हटलं. सूर जागेवर होता, लय जागेवर होती, आणि गाणं मेलेलं होतं. तो शब्द आला की तिचा आवाज दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा अवघडायचा आणि पुढच्या ओळीतही तसाच राहायचा.

स्टील गिटारवर होबार्ट स्टाइल्स होता. वय सत्तर, तीस वर्षांपासून व्हर्लीनच्या साथीला. ओक्लाहोमाच्या त्या तीन कार्यक्रमांतही तोच वाजवत होता, म्हणून त्याला सगळं ठाऊक होतं. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर त्याने गिटारवरचे हात उचलले.

"शब्द बरोबर आलाय," तो म्हणाला. "पण बाई कुठे गेली?"

"होबार्ट, तोंड बंद ठेव."

"मी ठेवतो. पण तू गेलनला सांग काय ते. त्याला वाटतंय तू नखरे करतेयस."

व्हर्लीनने गेलनला सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. 

"पण तो तुमचा आवाज तर ओळखेलच ना?" त्याने हळूच विचारलं.

"आवाज ओळखेल रे. या आवाजाने मी बिदागी घेऊन सगळ्या जगासाठी गायले, तोच तर त्याचा राग आहे. पोर्च ऐकलं तरच त्याला कळेल की हे गाणं मी लोकांसाठी गात नाहीये." तिने मर्सीकडे वळून बघितलं. "मला त्या माणसाशी बोलायचंय."

"असं थेट बोलता येत नाही हो."

होबार्टने उठून डबा उघडला आणि केकचा एक जाड तुकडा मर्सीपुढे ठेवला. मर्सी मूळची बॉस्टनची, अशा लाचेची तिला सवय नव्हती. अर्धा तुकडा होईतो ती नियम सांगत राहिली. उरलेला अर्धा खाताना तिने कोणाकोणाला फोन लावले ते देव जाणे, पण पावणेबाराला तिने रिसीव्हर व्हर्लीनच्या हातात दिला. गेलनने तो फोन भिंतीवरच्या स्पीकरला जोडला.

"मिसेस टॅकेट," पलीकडून घोगरा आवाज आला, "मी आत्ताच उठलोय. भांडायचं असेल तर आधी कॉफी होऊ द्या."

"घ्या कॉफी. मी थांबते."

तो खरंच कॉफी घेऊन आला. मग व्हर्लीनने त्याला सगळं सांगितलं. पीठ, बशा, गोधडी, कार्डं. ओक्लाहोमाचंही सांगितलं, आणि ते सांगताना स्वतःला कुठेही पाठीशी घातलं नाही.

"वाईट वाटलं," कारडोझा म्हणाला. "खोटं नाही सांगत. पण गाडी मी जाऊ देणार नाही."

"तुम्हाला काय कमी आहे? दारात अशा चार उभ्या असतील."

"एकही नाही. परवडायला लागली तेव्हा घ्यावीशी वाटली नाही." तो जरा थांबला. "बावीस वर्षांचा होतो. एका हॉटेलात गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायचं काम करायचो. तिथल्या भटारखान्यात एक मुलगी होती. आमचं पळून जायचं ठरलं. त्या संध्याकाळी एक डॉक्टर पोर्श घेऊन जेवायला आला. ती मी मागच्या गल्लीत नेली आणि दिवे लावून बसलो, म्हटलं दिवे बघून बाहेर येईल. एक मिनिट थांबलो. मग आणखी एक. डॉक्टरचं जेवण झालं, मॅनेजर शोधत आला, माझी नोकरी गेली. ती आलीच नाही."



"म्हणजे तुम्ही तिला धमकी देत नव्हता," व्हर्लीन म्हणाली.

"धमकी?"

"एका मिनिटात ये नाहीतर चाललो, असं सगळे समजतात. माझा लॉनीही तसंच समजायचा. तुम्ही कुठे जाणारच नव्हता. तुम्ही वाट बघत होता."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अठरा वर्षं लोक फुटबॉलच्या मैदानात हे गाणं माझ्या तोंडावर ओरडतायत," कारडोझा म्हणाला. "हे अजून कोणी म्हटलं नव्हतं मला. गाडी माझी नव्हती हो. पण ती मिनिटं माझी होती. गाडी काढून टाकली तर माझं त्यात काय राहिलं?"

व्हर्लीनला त्याचं एकदम पटलं. इतकी वर्षं ज्याला ती ओरड्या म्हणत आली होती तो तिच्याच जातीचा निघाला होता. आपलं दार उघडावं म्हणून तुमची आठवण पुसून टाका, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? 

"बरं," ती म्हणाली. "कागदावर तुमची गाडीच राहील. एक अक्षर हलणार नाही. पण एक सांगून ठेवते. आम्ही पडलो डोंगरातली माणसं. तो तुमचा जर्मन शब्द म्हणायला गेलं की आमच्या तोंडून पोर्चच बाहेर पडतं."

मर्सीची पेन्सिल खाली पडली.

"असं?" कारडोझाने विचारलं.

"असंच. आम्हाला 'श' जमत नाही."

"अरेरे. तुमच्याकडे नदी असेल ना, मिसेस टॅकेट?"

"आहे की. घरामागेच."

"काय मिळतं तिच्यात?"

"कॅटफिश," व्हर्लीन म्हणाली आणि तिने जीभ चावली.

होबार्टने टोपी तोंडावर ओढून घेतली. त्याचे खांदे हलत होते. स्पीकरमधून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग तो माणूस हसतोय हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

"'श' तर चांगला येतो की तुम्हाला."

"माशांपुरता येतो," व्हर्लीन म्हणाली.

"ती ओळ म्हणून दाखवा बघू. तुम्हाला जशी येते तशी."

ती उभी राहिली. होबार्टने टोपी बाजूला ठेवून पट्टीचा सूर दिला. व्हर्लीनने फोनमध्ये ती एकच ओळ म्हटली, हळू, आणि मग 'आणखी एक मिनिट', दोनदा. 

 कारडोझाचा घोगरेपणा जरा वाढला होता.

"मला तर पोर्शच ऐकू आलं," तो म्हणाला. "तुमच्या वकीलबाईंना द्या फोन. त्यांनाही तेच ऐकू आलं असेल."

मर्सीने फोन घेतला, व्हर्लीनकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो. स्पष्ट." मग गाणं एका टेकमध्ये झालं. उरलेली दोन गाणी राहिली ती राहिलीच. त्या दिवशी कोणी घड्याळाचं नाव काढलं नाही.

रेकॉर्ड वसंतात निघाली आणि चालली म्हणावी इतपत चालली. टोपीवाल्या पोरांच्या पंगतीत कुठेतरी मध्ये. रेडिओवरचे निवेदक 'व्हर्लीनबाईंचे उच्चार' म्हणून चेष्टा करायचे, आणि करायचे म्हणून गाणं वारंवार लावायचे. गेलन दर आठवड्याला फोन करून सांगायचा, आज नेब्रास्कात लागलं, आज टेक्सासमध्ये. व्हर्लीन ती नावं ऐकायची आणि मनात रस्ते जोडायची. मे गेला, जून गेला. कार्डही आलं नाही. जुलैत तिने एकदा दिव्याच्या बटणाजवळ हात नेला आणि स्वतःवरच चिडून मागे घेतला.

ऑगस्टमध्ये एका सकाळी ती पोर्चवर बसून वाळवणाच्या शेंगा दोऱ्यात ओवत होती. स्वयंपाकघरात फोन वाजला. गेलन असेल म्हणून तिने आधी हातातली शेंग ओवून घेतली, मग उठली.

"हॅलो."

कोणी बोललं नाही. मागे मोठ्या इंजिनाची घरघर होती.  तिने दोरा मनगटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"आई," तो आवाज जाड झाला होता, बापासारखा, "ती गाडी आहे."

"ठाऊक आहे मला," व्हर्लीन म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, ते तिने पुसलं नाही. "जर्मन."

"मग परत चुकीचं का म्हणतेस?"

"दिवा चालू आहे म्हणून. कुठून बोलतोयस? नीट ऐकू येत नाही रे."

"रस्त्यावरून. टपरीवरचा फोन आहे, बाजूलाच ट्रक उभा आहे." तो घुटमळला. घरघर तशीच येत होती, आणि तो आता फोन ठेवणार असं तिला वाटलं. "आई, एक मिनिट थांब. इंजिन बंद करून येतो."

रिसीव्हर लोंबकळत ठेवल्याचा आवाज आला. दूर जाणारी पावलं ऐकू आली. घरघर बंद झाली.

व्हर्लीन रिसीव्हर कानाशी घट्ट धरून थांबली. थांबायचं काम आता तिचं होतं.